सिंहासन आणि भाऊबंद : देवगिरीच्या राजकुलावरील एक संवाद

मध्ययुगीन राजघराण्यांवरील ऐतिहासिक कादंबऱ्यांना रक्ताचे नाते आणि राज्याचा हक्क यांच्यातील पेच सतत खुणावत आला आहे. मराठी वाचकाला तो काका-पुतण्यांच्या रूपाने चांगला परिचयाचा आहे, कारण रणजित देसाई यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वामी’ या कादंबरीने थोरले माधवराव आणि रघुनाथराव यांचे संबंध घरोघरी पोहोचवले. मात्र त्या पेशवाई कलहाच्या पाच शतके आधी, मराठीत ग्रंथरचना होऊ लागली होती त्याच काळात, देवगिरीच्या यादव घराण्यात भावाभावांचा, चुलत भावांचा आणि बापलेकांचा पेच एकामागून एक उभा राहिला आणि त्यातच त्या राज्याचा शेवटही घडला. अशा घराण्यावर कादंबरी लिहिताना कुटुंबनिष्ठेकडे कसे पाहावे, हा पुढील संवादाचा विषय आहे. यात दोन भूमिका समोरासमोर आहेत : एक ताम्रपट, शिलालेख आणि समकालीन ग्रंथ यांच्या मर्यादेत राहून बोलणाऱ्या इतिहासकाराची, आणि दुसरी त्या साधनांच्या पलीकडे माणसांच्या मनापर्यंत जाऊ पाहणाऱ्या कादंबरीकाराची.

कादंबरीकार : कथानकाची बीजे इतिहासाने स्वतःच पेरून ठेवली आहेत. सिंघण दुसरा याच्यानंतर त्याचा नातू कृष्ण सुमारे १२४६ साली गादीवर आला. त्याने धाकटा भाऊ महादेव याला युवराज म्हणून कारभारात घेतले, आणि १२६१ च्या सुमारास कृष्ण वारला तेव्हा राज्य महादेवाकडे गेले, कारण कृष्णाचा मुलगा रामचंद्र त्या वेळी लहान असावा. सुमारे दहा वर्षांनी महादेव निवर्तला आणि त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. पण ज्याच्या बापाचे हे राज्य होते तो रामचंद्र आता जाणता झाला होता. त्याने १२७१ मध्ये आमणाला पदच्युत केले, आणि महानुभाव परंपरेतील कथनानुसार त्याचे डोळेही काढले. काकाने ज्याला वाढवले असेल त्या पुतण्याने काकाच्या मुलाची दृष्टी हिरावून घ्यावी, यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती? कुटुंबनिष्ठेचा भंग हाच या कादंबरीचा गाभा ठरतो.

इतिहासकार : आपण ‘भंग’ म्हणता तेथेच शंका उपस्थित होते, कारण भंग होण्यासाठी आधी सर्वमान्य नियम असावा लागतो. थोरल्या मुलानेच गादीवर यावे, भावाने फक्त पालक म्हणून राहावे, असा निर्विवाद दंडक तेराव्या शतकातील दख्खनमध्ये होता असे साधनांवरून म्हणता येत नाही. कर्तबगार धाकट्या भावाला युवराज करण्याची प्रथा होती, मुलाचा हक्कही मानला जात होता, आणि या दोन्ही वहिवाटी एकाच घराण्यात एकाच वेळी वावरत होत्या. महादेवाचे राज्य हे त्याच्या स्वतःच्या हक्काचे होते असे आमण मानू शकत होता. ते कृष्णाच्या मुलाची ठेव होते असे रामचंद्र मानू शकत होता. दोघांपैकी कोणीही स्वतःला कुलद्रोही समजण्याचे कारण नव्हते. कादंबरीने ही भाऊबंदकी एका दुष्ट चुलत भावाची करणी म्हणून रंगवली, तर वाचकाला व्यक्ती दिसेल, पण ज्या व्यवस्थेतून असे संघर्ष पुनःपुन्हा उद्भवले ती व्यवस्था दिसणार नाही.

कादंबरीकार : व्यवस्था दाखवण्याला कादंबरीचा विरोध नाही, ती कोणत्या प्रसंगातून दाखवता येईल, एवढाच प्रश्न आहे.

इतिहासकार : त्यासाठी दीडेक शतक मागे, कल्याणीच्या चालुक्यांकडे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणकडे पाहावे लागेल. यादव हे आरंभी याच चालुक्यांचे सामंत, म्हणजे वरिष्ठ राजाचे आधिपत्य मानून आपला प्रदेश राखणारे मांडलिक होते. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका कल्याणी येथेच, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात लिहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हे तिचे प्रसिद्ध तत्त्व आहे. भावांमध्ये वाटणी होते, प्रत्येकाच्या पदरी काही पडते आणि घर मोडले तरी हक्क शाबूत राहतो. सिंहासनाची मात्र अशी वाटणी होत नाही. शेतातील भाऊबंद तंटा करून वेगळे होऊ शकत होते, पण राजकुलातील भाऊबंदांना तो मार्ग बंद होता, कारण तेथे एकाला सगळे मिळे आणि दुसऱ्याला त्याच्या कृपेवर जगावे लागे. ज्या विक्रमादित्याच्या छत्राखाली वारसाहक्काचा हा थोर ग्रंथ सिद्ध झाला, तो स्वतः थोरल्या भावाला पदच्युत करून राजा झाला होता, हे या दृष्टीने फार बोलके आहे.

कादंबरीकार : आपणच काढलेले हे उदाहरण आपल्या मताच्या विरुद्ध जाते, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. विक्रमादित्याने १०७६ मध्ये दुसऱ्या सोमेश्वराकडून राज्य घेतले, आणि पुढे काश्मीरहून आलेल्या बिल्हण नावाच्या कवीने त्याच्यावर ‘विक्रमांकदेवचरित’ हे अठरा सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. त्या काव्यात काय येते? वडील युवराजपद देऊ करतात तेव्हा विक्रम ते नाकारतो, कारण थोरला भाऊ असताना धाकट्याने ते घेणे त्याला अधर्म वाटते. पुढे भाऊ दुर्वर्तनी निघाला तरी त्याच्यावर शस्त्र उचलायला तो कचरतो, आणि शेवटी प्रत्यक्ष शंकराची आज्ञा होते तेव्हाच लढतो. भावावर चालून जाणे ही राजकारणातील नेहमीची गोष्ट मानली जात असती, तर कवीला देवाला मध्ये आणावे लागले नसते. राज्य बळकावणाऱ्याला इतकी मोठी सबब लागते, याचा अर्थ त्या काळच्या श्रोत्यांच्या मनातही भावाशी निष्ठा राखण्याचे मोल फार मोठे होते. नियम संदिग्ध असेल. पण नात्याची टोचणी संदिग्ध नव्हती.

इतिहासकार : हा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे, परंतु त्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. बिल्हणाचे काव्य हे दरबाराने पोसलेल्या कवीने लिहिलेले विजेत्याचे चरित्र आहे. सोमेश्वराच्या बाजूचे असे चरित्र उपलब्ध नाही. गेओर्ग ब्यूलर यांना जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात या काव्याचे हस्तलिखित मिळाले आणि त्यांनी ते १८७५ मध्ये प्रकाशित केले, म्हणून विक्रमाची बाजू इतक्या तपशिलाने कळते. याच काव्यात धाकटा भाऊ जयसिंह पुढे विक्रमाविरुद्ध उठतो, तेव्हा त्याच्या बंडाला मात्र कोणत्याही देवाचा पाठिंबा मिळत नाही. थोरल्यावर उठलेला विक्रम धर्मनिष्ठ ठरतो आणि विक्रमावर उठलेला जयसिंह कृतघ्न ठरतो. त्या काळच्या माणसांना निष्ठेची चाड होती, हे आपले म्हणणे खरे आहे; पण कोण निष्ठावंत होता याचा निवाडा जिंकणाऱ्याच्या पदरी असलेल्या लेखणीने केला आहे. कादंबरीकाराने तो निवाडा जसाच्या तसा उचलला, तर आठ-नऊ शतकांनंतरही तो त्याच दरबाराची चाकरी करत राहील.

कादंबरीकार : मग आमणाच्या बाबतीत काय करावे? गोदावरीकाठी, बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे मिळालेल्या ताम्रपटात तर रामचंद्राने देवगिरी कशी घेतली याचे फार नाट्यमय वर्णन आहे. आमणाला नृत्यगायनाचा शौक होता. रामचंद्राची माणसे नटांच्या वेषात गडावर शिरली आणि खेळ रंगात आला असताना त्यांनी गड ताब्यात घेतला. इतका जिवंत प्रसंग हाती असताना तो वापरू नये, असे तर आपले म्हणणे नाही ना?

इतिहासकार : वापरावा, पण तो कोणाच्या तोंडून येतो आहे याचे भान ठेवून. ताम्रपट म्हणजे दिलेल्या दानाची तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली नोंद; तिच्या आरंभी दात्या राजाच्या कुळाची प्रशस्ती, म्हणजे गौरवपर पद्यरचना, असते. पुरुषोत्तमपुरीचा हा लेख १३१० सालचा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आणि रामचंद्राच्याच अमलात कोरलेला आहे. आमण नाचगाण्यात दंग होता, हे त्यातील सूचन साहजिकच त्याला राज्याला नालायक ठरवणारे आहे. याउलट डोळे काढल्याची हकीकत राजाश्रयाबाहेरच्या महानुभाव परंपरेतून येते, आणि रामचंद्राच्या दरबाराविषयी त्या पंथाच्या मनात अढी असण्यास सबळ कारणे होती. एका साधनाला यश सांगायचे आहे, दुसऱ्याला क्रौर्य. कादंबरीत हे दोन्ही स्वर ऐकू आले, तर वाचक स्वतः विचार करील. दोहोंपैकी एकच निवडून त्याला अंतिम सत्याचे रूप दिले, तर वाचकाची फसगत होईल.

कादंबरीकार : ही अट स्वीकारता येते, कारण तिने कथा दुबळी होत नाही. परंतु अंधत्वाचा अर्थही सांगावा लागेल. मध्ययुगात गादीच्या दावेदाराचे डोळे काढण्यामागे एक भयंकर हिशेब असे : आंधळा पुरुष राज्य करण्यास अपात्र समजला जाई, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा दावा संपे, आणि रक्ताच्या नातेवाइकाचा प्राण घेतल्याचे पातक मात्र टळे. म्हणजे ज्या क्षणी नाते पायदळी तुडवले जाई, त्याच क्षणी त्याची धास्तीही मनात जागी असे. रामचंद्राने चुलत भावाला जिवंत ठेवले असेल, तर ते त्याच्या मनात उरलेल्या निष्ठेमुळे की लोकलज्जेमुळे, हा प्रश्न कोणताही ताम्रपट विचारणार नाही. तो कादंबरीलाच विचारावा लागेल.

इतिहासकार : विचारावा, आणि शक्यतो उत्तर न देता सोडावा. मात्र आपल्या आराखड्यात राजकुलाखेरीज कोणीच दिसत नाही, ही त्रुटी मोठी आहे. राज्य कोणा एका भावाच्या हाती जाते ते मंत्री, दंडनायक, म्हणजे सेनाधिकारी, आणि लेखनिक यांच्या संमतीने. हेमाद्रीचे उदाहरण घ्यावे. तो महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रावरील त्याचा प्रचंड ग्रंथ महादेवाच्या आश्रयाने उभा राहिला, आणि त्यातील राजप्रशस्तीत त्याने यादव वंशाचे गुणगान केले. त्याच महादेवाचा मुलगा गादीवरून खाली खेचला गेला, तरी हेमाद्री रामचंद्राच्या कारकिर्दीतही अधिकारपदावर राहिला.

कादंबरीकार : म्हणजे धन्याच्या मुलाशी त्याने बेइमानी केली?

इतिहासकार : हा प्रश्न आपण आजच्या भावनेने विचारता आहात. दप्तर, महसूल, देवळांची आणि अग्रहारांची, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांची, व्यवस्था ज्याच्या हाती आहे, त्याची बांधिलकी व्यक्तीशी असते, घराण्याशी असते की राज्ययंत्रणेशी? यादव वंशाशी निष्ठा राखली असे तो म्हणू शकत होता, कारण आमण आणि रामचंद्र दोघेही त्याच वंशाचे होते. राजा बदलला तरी दानपत्रांची नोंद थांबली नाही, हीच त्याच्या लेखी स्वामिनिष्ठा असू शकते.

कादंबरीकार : मग कादंबरीचा निवेदक हेमाद्रीच असावा. राजकुलातील कोणाही व्यक्तीच्या मनात शिरण्यापेक्षा, ज्याने दोन्ही बाजूंचे मीठ खाल्ले त्याच्या नजरेतून हा कलह पाहिला, तर वाचकाला कोणाचीच बाजू आयती मिळणार नाही. शिवाय त्याच्या भोवतालचे लोकजीवन उभे करण्यासाठी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा, म्हाइंभटाने संकलित केलेला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ हाताशी आहेच. त्यातील गावे, बाजार, जेवणखाण आणि बोलण्याची धाटणी यांमुळे तेराव्या शतकाला आवाज मिळतो. पण कथा १२७१ ला संपत नाही. चुलत भावाला दूर सारणारा रामचंद्र पंचवीस वर्षांनी बाप म्हणून उभा राहतो, आणि या वेळी निष्ठेचा पेच त्याच्या मुलापुढे पडतो.

इतिहासकार : १२९६ च्या स्वारीचे कथन विशेष जपून करावे लागेल. कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खल्जी दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे आपल्या चुलत्याला आणि सासऱ्याला, सुगावा लागू न देता दख्खनमध्ये उतरला, तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेव याच्याबरोबर दूर होती. रामचंद्र गडात अडकला आणि त्याने खंडणी देऊन तह केला. फिरिश्त्याच्या हकीकतीनुसार शंकरदेव फौजेसह परतला, तह झाला आहे असा बापाचा निरोप मिळूनही त्याने लढाई दिली, प्रारंभी त्याची सरशी झाली, पण अलाउद्दीनचा सरदार नुसरतखान याच्या तुकडीच्या आगमनाने त्याच्या सैन्याची फळी फुटली, आणि परिणामी अधिक जाचक अटी स्वीकाराव्या लागल्या. गडावर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाल्याची गोष्टही तोच सांगतो. पण फिरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. त्याच्या आधारे ‘आज्ञाभंग करणाऱ्या पुत्राने राज्य बुडवले’ किंवा ‘भित्र्या बापाने राज्य विकले’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. फौज दूर असणे, उत्तरेकडच्या वाटांवर पहारा नसणे आणि वेढ्याची तयारी नसणे ही पराभवाची कारणे कोणाच्या घरगुती वर्तनापेक्षा कितीतरी वजनदार आहेत.

कादंबरीकार : कारणमीमांसा मान्य आहे, पण शंकरदेवाचा पेच त्याने संपत नाही. बापाने दिलेला शब्द पाळणे ही पुत्रनिष्ठा. शत्रू दारात असताना हातातली फौज वापरणे ही राज्यनिष्ठा. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि कोणतीही मोडली तरी दोष येतोच. पुढे १३०७-०८ मध्ये खंडणी थांबल्यामुळे अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला, तेव्हा तर, इसामीच्या ‘फुतूह-उस्-सलातीन’ या १३५० मधील फारसी काव्येतिहासानुसार, रामचंद्राने दिल्लीला गुप्तपणे कळवले की बंडखोरी मुलाची आहे आणि स्वतः आपण एकनिष्ठच आहोत. हा बाप मुलाला शत्रूच्या स्वाधीन करत होता, की मुलाला लढू देऊन स्वतः घराण्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवत होता? दिल्लीला नेल्यावर अलाउद्दीनने त्याचा सन्मान केला, त्याला ‘राय-ए-रायान’ हा किताब दिला आणि राज्य परत दिले. त्यानंतर रामचंद्राने वारंगळच्या मोहिमेत काफूरला रसद पुरवली. सुमारे १३११ मध्ये तो वारल्यावर शंकरदेवाने पुन्हा दिल्लीचे वर्चस्व झुगारले आणि सुमारे १३१३ मध्ये तो काफूरकडून मारला गेला. बाप आणि मुलगा दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे एकाच घराण्याशी निष्ठावंत होते, असे कादंबरीने दाखवणे अशक्य आहे काय?

इतिहासकार : अशक्य नाही, आणि पुराव्याला ते अधिक जवळचे आहे. मात्र एका व्यक्तीचा आपल्याला विसर पडला आहे. रामचंद्राची मुलगी अलाउद्दीनच्या जनानखान्यात गेली; इसामी तिचे नाव झट्यपाळी असे देतो. देवगिरीच्या राजकुलाने केलेल्या तहांचे मोल तिने स्वतःच्या आयुष्याने चुकवले, आणि तिची संमती कोणी नोंदवलेली नाही. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर याला १३१६ मध्ये अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर मलिक काफूरने लहान वयातच दिल्लीच्या तख्तावर बसवले. काही महिन्यांतच सावत्र भाऊ कुत्बुद्दीन मुबारक याने त्याला पदच्युत करून त्याचे डोळे काढवले. याच मुबारकने पुढे देवगिरीवर स्वारी करून रामचंद्राचा जावई हरपाळदेव याला क्रूरपणे ठार केले आणि यादवांचे राज्य संपले.

कादंबरीकार : आमणाचे डोळे काढणाऱ्या रामचंद्राच्या नातवाचेही डोळे काढले गेले! याला नियतीचा न्याय म्हणावे, असा मोह कोणालाही होईल.

इतिहासकार : तो मोह टाळावा, अशी कळकळीची विनंती आहे. आजोबाच्या कृत्याची शिक्षा अजाण नातवाला मिळाली, असे म्हणणे म्हणजे त्या मुलावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या की वेगळेच सत्य समोर येते : देवगिरी असो वा दिल्ली, वंश आणि धर्म कोणताही असो, जेथे सिंहासन एकच, वारस अनेक आणि वारसाचा नियम अनिश्चित होता, तेथे भावाची दृष्टी हिरावून घेणारे हात तयार होत होते. कादंबरीने एका समाजाला क्रूर आणि दुसऱ्याला सोशीक ठरवण्याचा सोपा मार्ग घेतला, तर हे सत्य झाकले जाईल.

येथपर्यंत आल्यावर दोन्ही भूमिका एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या, तरी त्या एक झाल्या नाहीत, आणि तसे होण्याची आवश्यकताही नाही. कादंबरीकाराने मान्य केले की जे साधनांनी निश्चित ठरवले आहे त्याच्या विरुद्ध लिहू नये, जे अनिश्चित आहे त्याला पात्रांच्या तोंडून परस्परविरोधी रूपांत मांडावे, आणि हरलेल्याच्या बाजूलाही तिचा युक्तिवाद द्यावा. इतिहासकाराने मान्य केले की राजकीय कारणांची यादी पुरी झाली तरी, हेमाद्री नव्या धन्यापुढे उभा राहिला तेव्हा किंवा शंकरदेवाने बापाचा निरोप वाचला तेव्हा त्यांच्यावर पडलेला भार त्या यादीत मावत नाही, आणि तो भार समजल्याखेरीज त्यांची कृतीही नीट समजत नाही. मतभेद उरला तो एवढाच की, रामचंद्राला आमणाविषयी पश्चात्ताप झाला असे कादंबरीने लिहावे की नाही : कादंबरीकाराला तो अधिकार हवा आहे, आणि इतिहासकाराच्या मते पुराव्याविना दिलेला पश्चात्ताप म्हणजे विजेत्याला दिलेली आणखी एक प्रशस्ती आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर इतिहासकाराची बाजू अधिक न्याय्य वाटते. रामचंद्राला पुरेसे कैवारी लाभले आहेत : त्याचे ताम्रपट आहेत, त्याच्या राज्यात १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत त्याचा गौरवाने उल्लेख आहे, दिल्लीचा किताबही आहे. आमणाच्या नावावर मात्र एक अल्पकाळचे राज्य आणि शत्रूच्या लेखात आलेला नाचगाण्याचा ठपका यापलीकडे फारसे काही नाही. त्याने आपल्या वडिलांचे राज्य स्वीकारले होते, आणि त्याच्या दृष्टीने तीही निष्ठाच होती. मध्ययुगीन राजकुलावर लिहिणाऱ्या मराठी कादंबरीने सिंहासन मिळवणाऱ्याच्या अंतःकरणाचा शोध अवश्य घ्यावा, पण ज्याला आपली बाजू नोंदवता आली नाही त्याचा दावा आधी पूर्णपणे मांडावा. कारण कुटुंबनिष्ठेचा खरा अर्थ, ती पाळूनही ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या बाजूने पाहिल्याशिवाय उलगडत नाही.